शिवणीतली माया

माझा मेहुणा शहाजी कोइमतूरहून विट्याला आला
की दुकानात येतो, खुर्ची नको म्हणतो,
थेट पोत्यापाशी उकिडवा बसतो.
पोत्यात मेलेले बोर्ड.
काट्यावर टाकतो, डोळे बारीक करतो:
"चार किलो दोनशे. मोहरीएवढं सोनं निघंल, दाजी."
तीस वर्षं गलाईच्या भट्टीपुढं काढलेला माणूस,
त्याला जग वितळायच्या आधीच वितळलेलं दिसतं.
मी म्हणतो, यातले निम्मे दुरुस्त झाले असते.
"मग केले का न्हाईत?"

आता हे त्याला कसं सांगू.

उस्ताद मेहबूब शिकलगारांकडं मी हाताखाली होतो तेव्हा
रेडिओच्या मागच्या झाकणाला आतून
एक पिवळा कागद चिकटवलेला असायचा.
कुठली तार कुठं जाते, कुठं किती व्होल्ट.
उस्ताद आधी चष्मा पुसायचे, मग कागद वाचायचे.
"बघ, बनवणाऱ्याला ठाऊक होतं,
उद्या कुणीतरी उघडणार."
त्यांच्या वाडवडलांनी विळ्या-कात्र्यांना धार लावली,
ते बोथटलेल्या आवाजांना लावायचे.

माझ्या डब्यात अकरा तऱ्हेचे पेचकस आहेत.
बाराव्या तऱ्हेचा स्क्रू गेल्या आठवड्यात आला.
स्क्रू परवडले, डिंक परवडत नाही.
रॅम बोर्डालाच झाळलेली.
एक बटण गेलं तर अख्खं वरचं कवच बदला.
परवा एका फोनला दुसऱ्या फोनचा स्क्रीन बसवला,
तीच कंपनी, तेच मॉडेल,
तर फोन उजळून मला म्हणाला: अनोळखी भाग.
अरे बाबा, तुझा सख्खा भाऊ आहे तो.

बाजारच्या दिवशी लेंगऱ्याच्या हसबे वहिनी आल्या.
ब्लाउज शिवतात. कापडी पिशवीत लेकीचा लॅपटॉप,
चौदा हप्ते फिटलेत, चार राहिलेत.
आत बॅटरी फुगून भाकरीसारखी टम्म.
पुण्याच्या सेंटरात त्यांना गार पाणी दिलं
आणि फार आदबीनं सांगितलं, नवा घ्या.

मी उघडला. बॅटरी खालून, कडेकडेनं चिकटवलेली.
पट्टी घालावी तर टोचायची भीती,
टोचली की जाळ.
वहिनी स्टुलावरून वाकून बघत होत्या.
"कडंला जागाच सोडली न्हाई की हो.
आमी तर शिवतानाच आत माया सोडतो.
पोरगी भरती, बाळंत हुती, वाळती.
उसवाय नको व्हय?"

सत्तावीस वर्षं या धंद्यात आहे.
मी नुसताच पेचकस हातात धरून बसलो.

मग त्यांनीच पिशवीतून रीळ काढलं, नायलॉनचं.
एक टोक त्यांनी धरलं, एक मी,
दोरा बॅटरीखालून करवतीसारखा
इकडं, तिकडं, दमानं.
तीनदा तुटला. बाहेर भाजीवाले पाट्या उचलायला लागले.
"ओढू नका, उसवा," त्या मला दटावत होत्या.
पाऊण तासानं सुटली.

सांगलीहून नवी बॅटरी मागवली,
असली की नकली, देव जाणे.
रॅम वाढवून मागितली होती, ती नाही जमली.
तेवढे पैसे मी घेतले नाहीत, त्या मात्र
रीळ काउंटरवरच विसरून गेल्या. किंवा विसरल्या नसतील.

नवी बॅटरी मी दोनच कोपऱ्यांना चिकटवली.
आणि झाकण लावायच्या आधी आतून
बोटभर कागद डकवला, बारीक अक्षरात:
दोरा डावीकडून घाला. तारेला जपा.
पेचकस पाच पाकळ्यांचा, लहान.

उद्या कुणीतरी उघडेल.
आणि गेलाच शेवटी पोत्यात,
तर निदान शहाजी वाचेल,
भट्टीत टाकायच्या आधी.