पान आणि पितळ

डंकन रोडला आमचं दुकान, रुंदी सहा फूट.
वर पितळ टांगलेलं, खाली कातडं रचलेलं,
मध्ये मी, आणि एक पंखा
कुणाच्याच तालात नसलेला.

भाद्रपद जवळ आला की दोघं एकाच आठवड्यात येतात.
कुटिन्हो मास्तर, ज्यांचा बँड कूपरेजच्या बागेत
रविवारी संध्याकाळी खुर्च्यांवर बसून वाजवतो,
ऐकायला आया, दोन-तीन पेन्शनर, एक शेंगदाणेवाला.
आणि मृणाल भोईर, वरळी कोळीवाड्याची.
पथकात सत्तर ढोल, बारा ताशे,
ही ताशाच्या पहिल्या रांगेत.

यंदा एकदमच आली.

मास्तरांनी पोर कडेवरून उतरवावं तसं
युफोनियम फळीवर ठेवलं. तिसरा व्हॉल्व्ह अडतो म्हणाले.
मग तिच्या ताशाकडे बघत, पण मला:
"यांच्यात हळू वाजवता येतं का रे कुणाला?
आमच्याकडे बावीस माणसं एकत्र कुजबुजतात
आणि तरी बासरी कुठली, क्लॅरिनेट कुठलं, कळतं.
मधला आवाज म्हणून एक असतो. तो यांच्यात नाहीच.
वर कडकडाट, खाली धडधड,
मध्ये रिकामं घर."

ती काड्या तपासत होती, एकेक वाकवून.
"हळू वाजवायला जागा लागते, काका.
तुम्हाला बाग आहे. आम्हाला पूल आहे.
पुलाखाली शिरलो की आमचाच ठोका
छताला आपटून परत अंगावर येतो,
सत्तराचे एकशेचाळीस होतात,
आणि शेवटच्या रांगेला पहिल्या रांगेचं
उशिराच ऐकू येतं. कानावर विसंबलो तर बुडालोच.
म्हणून मागची पोरं कान मिटून घेतात,
ध्वजाकडे बघून वाजवतात. डोळ्यांनी.
तुम्ही कधी डोळ्यांनी वाजवलंय?"

"बॅटनकडे बघतोच की आम्ही."
"बसून," ती म्हणाली.

मी काही बोललो नाही. गिऱ्हाइकं दोन्ही.
पण वस्तू बोलतात, चाळीस वर्षं ऐकतोय.
बँडची वाद्यं आतून बिघडून येतात:
थुंकीचा हिरवा गंज, सुकलेलं तेल,
पेटीत झोपून झोपून धरलेलं अंग.
पथकाची बाहेरून: फाटलेलं पान,
दोरीवर रक्ताचा डाग, एकदा तर
ढोलाच्या कडीत अडकलेला कुणाचा तरी ताईत.
कुठलं सरस, मला विचारू नका.
आम्हा घडशांच्या घरात सनई आणि चौघडा
एकाच ताटात जेवायचे.
भांडायचे, ते वेगळं.

एवढं मात्र त्या दिवशी पाहिलं.
व्हॉल्व्ह मोकळा झाला, मास्तरांनी फुंकून बघितलं,
एक खालचा सूर, लांब, न फाटणारा,
आणि भिंतीवरचा साइड ड्रम,
ज्याला कुणाचा हात लागला नव्हता,
पोटाखालच्या तारा थरथरवत
आपणहून कुरकुरायला लागला.

"ते बंद कर," मास्तर त्रासले.
मी तळहात ठेवला. ड्रम गप्प झाला,
सूर माझ्या मनगटापर्यंत आला.

मृणालने काड्या खाली ठेवल्या.
"परत वाजवा. तोच. आणि काका, तुम्ही हात काढा."

मास्तरांनी वाजवला, तोंड वाकडं करून,
तोंड वाकडं करून युफोनियम वाजत नाही,
म्हणून मग सरळ करून.
ती ड्रमला कान लावून उभी, डोळे मिटलेले.
बाहेर टेम्पो उलटा घेताना कुणीतरी ओरडत होतं,
येऊ दे, येऊ दे, येऊ दे.

मग तिने घड्याळ बघितलं, ताशा उचलला,
निम्मे पैसे आता, निम्मे विसर्जनानंतर.
मास्तरांनी पुरते दिले, वरचे सुटे मागून घेतले,
पायरी उतरले, परत चढले.
"ती पूल कुठला म्हणाली रे?"