अठरा मायक्रोलिटर

उमेओला जानेवारीत रात्र दुपारीच बसते
आणि उठायचं नाव घेत नाही.
दर तासाला मी आन्तेच्या उशाशी जाते,
कवटीतून निघालेल्या बारीक नळीच्या टोकाची
नखाएवढी कुपी काढते, नवी लावते,
जुनीवर वेळ लिहिते. तीन वाजून चार.

अठरा मायक्रोलिटर.
एका आसवालाही पुरायचं नाही एवढं पाणी,
पेशी-पेशींच्या मधल्या बोळांतून झिरपलेलं.
यंत्र ते चाखतं आणि सांगतं:
साखर शून्य पूर्णांक सहा. लॅक्टेट साडेसहा.
पायरुव्हेटने भागलं की पन्नास.
पन्नास म्हणजे चूल धुमसतेय,
घरात धूर, आणि भाकरी कच्ची.

तीही मागच्या तासाची.
आत्ता काय शिजतंय, चारला कळेल.

स्नोस्कूटर बर्चवर आदळली, हेल्मेट घरी खुंटीला.
बाप नीलास तीनशे किलोमीटर गाडी हाकत आला,
तेव्हापासून खुर्चीत ताठ बसून आहे.
पहिल्या रात्री, काहीतरी बोलायचं म्हणून
मी विचारलं होतं, तुमची रेनडिअर किती?
तो माझ्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, हे विचारत नसतात, सिस्टर.
कुणी तुझं बँकेचं पुस्तक मागितलं तर?
मी ओशाळले. कॉफी आणून दिली.

डॉक्टर सिक्सतेन आला, एका पायात मोजा उलटा.
इन्सुलिन उतरवलं, रक्तदाब जरा चढवला,
पडद्याकडे बघत जांभई गिळली.
आन्तेचा चेहरा तसाच. सुजलेला, शांत,
व्हेंटिलेटर छाती उचलतो, ठेवतो.
बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही.

चार वाजून दोन. सेहेचाळीस.
पाच वाजून पाच. एक्केचाळीस.
साखर एकला टेकली.

नीलास उठून माझ्या मागे उभा राहिला.
ओल्या लोकरीचा, डिझेलचा वास.
मी पडदा त्याच्याकडे वळवला,
आकड्यावर बोट ठेवलं,
काय उतरलं, काय चढलं, सांगू लागले.

त्याने माझं बोट हळूच बाजूला केलं.
किती, ते नको सांगू, म्हणाला.
कळप कुठल्या दिशेला निघालाय,
तेवढं सांग.

आत्ता इकडे, मी म्हटलं.
म्हणजे तासाभरापूर्वी.

त्याने मान हलवली, जणू त्याला हे ठाऊकच होतं:
माग नेहमी शिळाच असतो,
तरी त्याच्याच मागे जायचं असतं.
मी नवी कुपी लावली. सहा वाजून एक.