सेकंडचा माल

शेवटचा खेळ सुटला तेव्हा एक वाजून गेला होता
आणि डांबर अजून गरम.
पडद्यावरचा माणूस भिंतीला हात लावायचा,
भिंत हलायची, वाळत घातलेल्या लुगड्यासारखी.
त्याला कुणीतरी सांगून टाकलं होतं :
हे घर, हा रस्ता, ही तुझी बायको,
सगळं मांडलेलं आहे.
पोरांनी शिट्ट्या मारल्या.
मला एसीत घाम फुटला.

कारण मांडतो मी.
सत्तावीस वर्षं पुठ्ठ्याला भोकं पाडतोय
म्याकलशेठच्या कारखान्यात.
इथं भोक, इथं नाही, इथं भोक,
आणि तिकडं मागावर मोर उमटतो.
मोराला काय ठाऊक.
एकदा एक भोक राहून गेलं,
चारशे चादरी आंधळ्या निघाल्या.
शेठनं सेकंडमध्ये काढल्या,
कुठल्याशा लॉजवाल्यानं उचलल्या.
त्या पांघरून किती माणसं झोपली असतील,
एकानं तरी
डोळा शोधला असेल का?

अशोक चौकात अंबादास म्हणाला,
"लगा, हे सगळं कुणी बनवलेलं असतं
तर सोलापूरला दोन-दोन मे महिने
कशाला दिले असते त्यानं?"
आणि पान थुंकून गेला आपल्या गल्लीला.

दारात, कुणी बघत नाही असं बघून,
मी भिंतीला हात लावला.
तापलेली होती. हलली नाही.

आत राजमणी जागी. पाचव्या दिवसाचं पाणी,
नळ नुसता फुसफुसत होता.
सुपात बांधायच्या विड्या, बोटांना तंबाखूचा वास.
काय होतं सिनेमात, म्हणाली.
मी सांगितलं. तेलुगूत सांगताना
गोष्ट जरा लहान झाली.
"आणि त्याची बायको?"
तीही खोटीच.
"तिला सांगितलं का कुणी?"

मला आठवेना.
आठवला तो तिचा एकच सीन :
ती चहा गाळते, कपात बघते, हसते.
सगळे त्याच्याच मागं पळत होते.

राजमणीनं दोरा दातानं तोडला,
पुढची विडी घेतली.

त्या चारशेतली एक आमच्या खाटेवर आहे.
निळ्यावर तांबडा मोर,
डोळ्याच्या जागी नुसतं निळं.
नळाला पाणी येईपर्यंत मी बोट फिरवत बसलो.
मग चादर उलटी केली,
तांबड्यावर निळा मोर.

तिकडूनही नव्हता.