दुरुस्तीसह मंजूर

गुरुवारी दुपारी तीन वाजता
ग्रंथालयाच्या तळघरात आमची समिती बसते.
नऊ प्राध्यापक, कुलगुरूंच्या कार्यालयातला एक माणूस,
आणि कोमट कॉफीचा थर्मास.
रस्त्यापलीकडे स्टेडियम,
त्यामागे थेट क्षितिजापर्यंत आयोवाचा कापलेला मका.
चाळीस हजार खुर्च्या, आत्ता सगळ्या रिकाम्या,
तरी त्यांचं म्हणणं आमच्यापेक्षा मोठ्यानं ऐकू येतं.

विषयपत्रिकेवर मुद्दा पाचवा:
क्रीडा विभागावर अध्यापकांची देखरेख.
देखरेख. शब्द चांगला आहे.
त्यात देखणं आहे आणि रेघ ओढणंही.
आम्हाला त्यातला अर्धाच परवडतो.

ऑर्व्हिल टॅगार्ट, लॅटिन, निवृत्तीला दोन वर्षं:
"फुटबॉल प्रशिक्षकाच्या एका वर्षाच्या पगारात
माझा विभाग एकोणीस वर्षं चालेल."
पाकिटाच्या पाठीवर हिशोब आहे. पाकीट फिरतं.
कुणी हसत नाही, कुणी तपासतही नाही.
मारिसोल एचेव्हेरी, अर्थशास्त्र:
"पैसा वाहायचाच असेल तर वाहू दे,
पण मुलांच्या ओंजळीतून वाहू दे."
कुलगुरूंचा माणूस पेनाला टोपण लावतो, काढतो, लावतो.

मी गप्प. माझ्या डोक्यात तेवान ब्रुसार्ड.
सकाळी आठचा भूगर्भशास्त्राचा तास, शेवटची रांग,
गुडघ्यावर बर्फाची पिशवी.
ठिबक, ठिबक, फरशीवर.
झीज म्हणजे काय हे सांगायला
तीस वर्षांत याहून चांगलं उदाहरण मिळालं नव्हतं.
मी ते वापरलं नाही.

टीव्हीला बुधवार रिकामा होता, म्हणून सामना बुधवारी.
पहाटे तीनला विमान उतरलं, आठला तो वर्गात.
मी त्याच्या हातात एक दगड दिला: हा कोणता?
"मॅडम, मला ऐंशी चाली पाठ आहेत.
याचं नाव शुक्रवारी सांगितलं तर चालेल?"
चालेल म्हटलं.
शुक्रवारी तो सरावाला होता.

मग एक फोन आला, फार गोड आवाजाचा:
त्याच्या 'ड'चा 'क' होण्यासारखा आहे का?
मी ताठ मानेनं नाही म्हटलं
आणि रात्री जेवताना नवऱ्याला ते मिरवून सांगितलं.
पुढच्या बुधवारी गुडघा गेला,
टीव्हीवर, तीन कोनांतून, सावकाश.
त्यानंतर फोन नाही.
त्याच्या गुणांची सगळ्यांची काळजी
एका रात्रीत बरी झाली.

डिसेंबरात दाराखालून दगड सरकवलेला होता,
भोवती रबरबँड, आत चिठ्ठी:
"रूपांतरित. दाबामुळे."
बरोबर होतं.
गुण द्यायला हजेरीपट उघडला तर
त्यात त्याची ओळ नव्हती.

ठराव असा:
आठवड्याच्या मधल्या रात्री सामने ठेवू नयेत.
जायबंदी खेळाडूची शिष्यवृत्ती पदवीपर्यंत चालू ठेवावी.
चाळीस मिनिटं चर्चा झाली,
आणि दोन्ही वाक्यांच्या आधी 'शक्यतो' येऊन बसला.
एवढासा शब्द, दाराखालच्या पाचरीएवढा.
दार आता लागणार नाही, उघडणारही नाही.

टॅगार्टनी हात वर केला नाही. मी केला.
काहीच नसण्यापेक्षा बरं, म्हणून.
साडेचार वाजले होते, म्हणून.
आणि (इतिवृत्तात फक्त 'प्रा. लुंडक्विस्ट: अनुकूल' एवढंच येईल)
शनिवारची दोन तिकिटं माझ्या पर्समध्ये होती, म्हणून.
अध्यापकांना निम्म्या दरात मिळतात.

शनिवारी थंडी कडाक्याची.
चव्वेचाळीस नंबर आता दुसऱ्याच पोराच्या पाठीवर.
तो सुटला, साठ यार्ड, एकटा,
आणि मी उभी राहिले, ब्लँकेट पायांत पडलं,
मी ओरडले, माझ्या वयाला न शोभेल इतकी.

सोमवारी आठ वाजता, बसलेल्या घशानं,
शेवटच्या रांगेखालच्या कोरड्या फरशीकडे बघत
मी झीज शिकवली.