अर्धी कणीक

डंडीच्या दवाखान्यात, मंगळवारी,
आयलीन विचारते : शून्य ते दहा, आज किती?
मी म्हणते, सहा.
सहा म्हणजे काय ते तिलाही ठाऊक नाही, मलाही.
माझ्याकडे ठणका आहे, कळ आहे,
पहाटे कमरेत येऊन बसणारी रग आहे,
आकड्यात यातलं काही मावत नाही.

ती म्हणते, दुखायच्या आधी थांबा.
दुखल्यावर नव्हे. आधी.
अकरा वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं.
आमच्यात काम हातावेगळं करून मगच टेकतात.

घरी अंड्याच्या आकाराचं घड्याळ लावते, चार मिनिटं.
कणीक जेमतेम गोळा होते, तोच ते किणकिणतं.
कंबर गप्प आहे. हात म्हणतात, आटप आता.
परातीवर ओलं फडकं टाकते
आणि खिडकीशी उभी राहते, चोरासारखी.

टे नदीला ओहोटी.
उघड्या पडलेल्या वाळूवर
एक सीगल चालतोय, उगीच.

"झाली का कणीक?" आतून श्रीनिवास.
"अर्धी," मी म्हणते,
आणि पुढे कारण जोडत नाही.

दुखणं येतंच, थोड्या वेळानं, सवयीनं.
त्याला सांगते, थांब जरा,
माझी अजून दोन मिनिटं उरलीत.