पंचवीस अक्षरांची चावी

नारिनच्या वरच्या अंगाला, रस्ता बर्फात संपतो तिथे,
मी कॉम्प्युटर शिकवते.
अकरा यंत्रं, खाणवाल्यांनी टाकून दिलेली,
एक कोळशाची शेगडी,
खिडकीच्या फटीत कोंबलेला नमद्याचा तुकडा.

पहिल्या तासाला मी फळ्यावर लिहायचे: चोरी करू नये.
दुसऱ्या तासाला यंत्रं सुरू व्हायची
आणि अकराच्या अकरा पडद्यांच्या कोपऱ्यात उमटायचं:
ही प्रत अस्सल नाही.

खरंच नव्हती.
बिश्केकच्या बाजारात, लोकरी मोज्यांच्या ढिगाशेजारी,
दोन समोशांच्या किमतीत मिळालेली तबकडी.
वर निळ्या पेनानं चावी लिहिलेली, पंचवीस अक्षरांची.
तबकडीवर चरे पडले, शाई पुसली,
चावी राहिली पोरांच्या तोंडी.

मार्चमध्ये जिल्ह्याचे साहेब आले.
कोल्ह्याच्या कातड्याची टोपी मांडीवर ठेवून
दुसरीतल्या ओमुरकानला म्हणाले,
"पाठ असलेलं काहीतरी म्हण बघू."
ती उभी राहिली. हात मागे बांधले.
पाच अक्षरं, श्वास. पाच अक्षरं, श्वास.
एकही न चुकता.
साहेबांनी टाळ्या वाजवल्या,
विचारलं, ही कविता इंग्लिश का?
मुख्याध्यापक सागिनबेक छताकडे बघत राहिले.
मी शेगडीत कोळसा घातला, गरज नसताना.

त्या रात्री शेजारची ओरोझगुल वाटी घेऊन आली,
विरजण मागायला.
चमचाभर दिलं. माझं दही काही कमी झालं नाही.
तशीच उंबऱ्यात उभी राहिले, दार उघडं,
थंडी आत येतेय हे कळायला वेळ लागला.

"मोकळं सॉफ्टवेअर घालू या," मी बैठकीत म्हटलं.
"वाटलं तरी चोरी होत नाही,
उसवून बघता येतं, आपल्या मापाचं शिवता येतं."
सागिनबेक म्हणाले, "फुकटचा घोडा लंगडा निघतो."
म्हटलं, "फुकट नव्हे, मोकळं.
कुरणात मोकळा सोडलेला तुमचा घोडा
फुकट असतो का?"
ते हसले. मग हसू आवरून म्हणाले,
"पोरं शहरात जातील, तुर्सुनाय.
तिथल्या कचेरीत हे नसेल.
तेव्हा तुलाच शिव्या घालतील."
ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
अजूनही पुरतं नाही.

आणि घोडा थोडा लंगडाच निघाला.
प्रिंटर तीन आठवडे रुसला.
जिल्ह्याच्या तक्त्यातले रकाने
मेंढरांसारखे एकमेकांच्या अंगावर चढले.
एका रात्री मी यंत्रापुढे बसून रडले,
हे सागिनबेकना सांगितलेलं नाही.

मग एप्रिल, आणि ओमुरकानचा चढलेला आवाज.
मोजणीच्या खेळात चित्र कोकराचं,
खाली किरगिझमध्ये लिहिलेलं: मेंढी.
"ह्यानं कधी कोकरू उचललेलंच नाही!"
तिचा बाप मेंढपाळ. तिच्या घरात
कोकराला मेंढी म्हणणं म्हणजे
तान्ह्या बाळाला आजोबा म्हणणं.

आम्ही दोघींनी मिळून पत्र लिहिलं,
कुणाला ते नीट माहीत नसताना.
अठरा दिवसांनी उत्तर आलं, कुण्या परक्या बाईचं:
चूक माझी. मी सपाट देशात राहते.
दुरुस्त केलं आहे. आणखी सापडल्या तर कळव.

कळव म्हणाली, म्हणून ओमुरकाननं कळवल्या.
आतापर्यंत चौदा.
त्यांतल्या दोन चुका नव्हत्याच,
पण तिला कोण सांगणार.

सागिनबेकांच्या खोलीत जुनं एक यंत्र ठेवलंय,
जिल्ह्याच्या तक्त्यापुरतं. दाराला कुलूप.
मी काही बोलत नाही.
ते मात्र परवा, कुणी बघत नाहीसं पाहून,
वर्गात येऊन कोकरं मोजत होते.

चावी अजून मरायला तयार नाही.
बर्फ वितळलेल्या अंगणात
मुली दोरीवरच्या उड्या मारतात तिच्या तालावर,
पाच अक्षरं, श्वास, पाच अक्षरं, श्वास,
आणि पंचविसाव्याला जी अडखळते
ती बाद.