फज, नाही तर फजिती

आई म्हणायची, जमला तर फज,
नाही तर फजिती.
मिशन दवाखान्यात आया होती ती.
मायदेशी परतताना एका मडमेनं तिला दोन गोष्टी दिल्या:
एक लोकरीचा स्वेटर, जो सोलापुरात
वर्षातून चार पहाटाच अंगावर चढायचा,
आणि केसपेपरच्या पाठीवर लिहिलेली ही कृती.
साखर इतकी, दूध इतकं, लोणी इतकं,
अक्रोड मूठभर, उष्णता दोनशे अडतीस.

घरात होतं ते तापाचं थर्मामीटर.
एकशे आठच्या पुढे त्यात माणूसच नव्हता.

म्हणून आई वाटीत गार पाणी घ्यायची,
पाकाचा थेंब टाकून बोटांत धरायची.
पसरला तर थांब,
नाकाच्या शेंड्याइतकी मऊ गोळी झाली की उतरव.
मधल्या मारुतीपाशी अक्रोडाचा भाव विचारून
ती नुसतं "बरं" म्हणायची
आणि शेंगदाणे घेऊन घरी यायची.
बेदाणे नान्नजचे. देठ काढता काढता
आम्ही दोघी निम्मे संपवायचो.

आज तेवीस डिसेंबर. पातेल्यापाशी मी,
आणि ओट्याच्या त्या टोकाला सुवार्ता, माझी बहीण,
भाजलेले दाणे सोलतेय.
सालं फुंकायला दारात जाते, परत येते.
फेब्रुवारीपासून आम्ही बोललो नव्हतो.
कारण सांगण्यासारखं नाही.
आईच्या शेवटच्या बिलाचं, कुणी किती भरलं त्याचं,
आणि एक वाक्य मी बोलले होते
तिच्या नवऱ्यादेखत.
सकाळी ती दारात उभी. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला
बाबांनी मागाच्या फळीतून तासलेला कालथा.
"स्टीलच्यानं घोटशील आणि वाट लावशील," म्हणाली.
चपला काढल्या. बस्स.

कृतीत एक ओळ आहे, मडमेनं खाली दोन रेघा मारलेली:
उतरवल्यावर ढवळू नये. कोमट होईतो हात लावू नये.
आईनं ही ओळ कधी जुमानली नाही.
तिला धीर निघायचा नाही, आणि वडी
दर नाताळला दातांखाली वाळूसारखी करकरायची.
फजात रवा घालतात, असंच मी
लग्नापर्यंत समजत होते.

थेंब टाकला. पाणी पाच दिवसांचं, पिंपाच्या तळातलं.
"बघ," मी म्हणाले. तिनं बोटांत धरलं.
"अजून."
पुन्हा.
"अजून गं."
तिसऱ्यांदा ती काही बोललीच नाही,
सरळ गॅस बंद केला.

आता मला ढवळायचं होतं.
कालथा हातात होता, वाक्यही तयार होतं,
दहा महिने आटवलेलं.
तेवढ्यात बोळातून नरसम्मा बोम्ड्यालची हाक:
"नीळ्ळु वच्चिनय! रूथा, नळ आलाय की गं,
काय करायलीस आत?"

मग कसला फज.
मोटर, पाइप, पिंप, घागरी, बादल्या, कुकरसुद्धा.
सुवार्ता जिन्यावर, मी खाली.
"सोड!" "भरलं!" "बंद कर, वाहायलंय!"
पाऊण तास आम्ही अखंड बोललो,
एकही वाक्य तीन शब्दांच्या वर नाही.
शेवटी नळ नुसती हवा फुंकायला लागला
आणि आम्ही पायरीवर बसलो,
साड्या पोटऱ्यांपर्यंत ओल्या.

आत आलो तर पातेलं कोमट.
वर चकाकी, कुणीच हात न लावलेली.
तिच्यात ट्यूबलाइट अख्खी दिसत होती.

मग घोटलं. आधी तिनं, मग मी,
मग पुन्हा तिनं, खांदा दुखतो तरी.
दाणे टाकले. बेदाणे टाकले, उरलेले निम्मे.
"चकाकी गेली की थांबायचं," ती म्हणाली.
"कुणी सांगितलं?"
"लिहिलंय की खाली. तू शेवटपर्यंत वाचतेस कधी?"

ताटात थापलं. सुरीनं रेघा मारल्या, वाकड्या.
कोपऱ्यातला तुकडा तिनं मोडला, अर्धा मला दिला.
आम्ही चावत राहिलो, वाट बघत.
"करकरत नाही," मी म्हणाले.
"नाही."
दोघींनाही चुकल्याचुकल्यासारखं झालं.
मग तिनं साखरेचा डबा उघडला,
चिमूटभर घेतली,
आणि वरून भुरभुरली.